पित्तवाल्या बाई आणि दोनाचा आकडा

मी आमच्या वहिनीची बढाई मारायला बसलोय, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. तिचं कौतुक करणारं घरात दुसरं कुणी नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि तिचा नवरा, दिवसाला दहा शब्द बोलतो आणि त्यातले सात 'हं' असतात. आई भरभरून कौतुक करते, पण सून घरात नाही याची खात्री करूनच. राहता राहिलो मी, धाकटा दीर.

मी नववीत असताना ती लग्न होऊन आमच्याकडे आली. पहिल्या दिवसापासून ती मला 'अहो भाऊजी' म्हणते आणि मी तिला 'अगं वहिनी'. नववीतल्या पोराला कुणी अहो-जाहो केलं की ते हुरळून जातं. मीही हुरळलो. पुढच्याच आठवड्यात तिने माझी रसायनशास्त्राची वही पाहिली आणि "अहो भाऊजी, हे काय दिवे लावलेत?" असं म्हणत तितक्याच आदराने माझा कान पिरगाळला.

वहिनी मुलांच्या हॉस्पिटलात तळमजल्यावरच्या लॅबमध्ये काम करते. ही गोष्ट घडली तेव्हा तिला तिथे एकोणीस वर्षं झाली होती. तिचा विसरलेला डबा पोचवायला मी कितीतरी वेळा तिथे गेलोय. लांबट खोली, एका भिंतीला काचेचं कपाट, दुसऱ्या भिंतीला दगडी ओटा आणि ओट्यावर सतत गुरगुरणारं एक निळं मशीन. खिडकी इतक्या उंचावर, की तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. दाराला एक लहानशी झडप आहे. वरच्या मजल्यांवरून रक्ताच्या नळ्या त्या झडपेतून आत येतात आणि रिपोर्ट बाहेर जातात. वरच्या मुलांची तोंडं खालच्यांना कधी दिसत नाहीत. वहिनीला ते तसंच बरं वाटायचं. "तोंड पाहिलं की हात थरथरतो. मला आपली नळी पुरे," असं ती म्हणायची.

तिच्याकडे रक्तातली पित्ताम्लं मोजायचं काम आहे. बाकीच्या तपासण्या कुणीही करतं, ही मात्र खास तिची. त्यामुळे अख्खं हॉस्पिटल तिला 'पित्तवाल्या बाई' म्हणतं. हे मला कळलं तेव्हा मी ठसका लागेपर्यंत हसलो, कारण सकाळचा पहिला चहा पोटात जाईपर्यंत तिच्या वाटेला जायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. तिला मात्र त्या नावाचा अभिमान आहे.

पित्ताम्लं म्हणजे काय, हे तिने मला माझ्याच कामावरून शिकवलं. मी सोड्याच्या कारखान्यात रिकाम्या बाटल्यांच्या विभागात आहे. दुकानांतून परत आलेल्या बाटल्या मोजून घ्यायच्या, धुवायला पाठवायच्या, फुटल्या तेवढ्याच नव्या मागवायच्या. माझ्या या कामाला घरात कुणी काम समजत नाही. एकदा जेवताना दादा म्हणाला, "बाटल्याच मोजतो ना." त्यावर वहिनी फटकन म्हणाली, "मग हे आपल्या घरातलं लहान आतडं झाले." आईचा घास तोंडाशी जाता जाता थांबला.

"अहो आई, खरंच सांगते," वहिनी म्हणाली. "यकृत पित्ताम्लं तयार करतं. ती आतड्यात उतरतात आणि खाल्लेलं तेल विरघळवतात. काम झालं म्हणून वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ती जवळजवळ सगळी परत शोषली जातात आणि रक्तातून यकृताकडे जातात. तिथून पुन्हा कामाला. दिवसातून सहा-आठ फेऱ्या होतात. शंभरातली पाचेक हरवतात, तेवढीच यकृत नव्याने बनवतं."

"पण किती हरवली, हे यकृताला कळतं कसं?" मी विचारलं.

"तुमच्या कारखान्याला कसं कळतं?"

"मी चिठ्ठी पाठवतो. इतक्या आल्या, इतक्या फुटल्या."

"तेच तर! आतड्याचं ते टोकही रक्तातून चिठ्ठी पाठवतं. पुरे, भरपूर परत आलीत. यकृत स्वतःही परत येणाऱ्यांवर नजर ठेवून असतंच. चिठ्ठी आली की ते हात आखडतं. चिठ्ठी आली नाही तर बनवतच सुटतं."

त्या दिवसापासून मी कारखान्यात जरा ताठ चालतो. दादाने मात्र फक्त 'हं' केलं.

आता त्यांच्या लॅबमधली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. रक्ताची नळी गरगर फिरवली की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर नितळ पाणी राहतं, त्याला सीरम म्हणतात. कावीळ असली की ते पिवळं दिसतं. यकृतात पित्त तुंबलं की पित्ताम्लं रक्तात उतरतात आणि आकडा भलताच चढतो. निरोगी मुलाचा दहाच्या आसपास, तर अशा मुलाचा दोनशे, तीनशे. मशीन दीडशेच्या वर मोजत नाही. मग नमुना पातळ करून पुन्हा लावा, पुन्हा रसायन घाला, पुन्हा वाट बघा. या कटकटीला कंटाळून लॅबच्या साहेबांनी फार पूर्वी नियम घालून दिला होता. सीरम पिवळं दिसलं की विचार न करता आधीच दहा पट पातळ करायचं आणि येईल त्या उत्तराला दहाने गुणायचं. वहिनी घरी त्यांना 'दहापट साहेब' म्हणायची. माणूस वाईट नव्हता. शिस्तीचा, वेळेचा पक्का, फक्त स्वतःच्या नियमांवर त्यांचा भारी जीव.

वहिनीचीही स्वतःची एक रीत होती. तान्ह्या मुलाची शीर सापडायला वर काय यातायात पडते, हे ती ऐकून होती. म्हणून तपासणी झाल्यावर उरलेले चार थेंब ती कधी टाकून द्यायची नाही. एवढ्याशा नळीत भरून, वर नंबर लिहून गोठवून ठेवायची. फ्रीझरमधला तिचा कप्पा कायम ओसंडून वाहायचा आणि साहेब येता-जाता त्यावरून कुरकुरायचे.

ज्या बाळाची ही गोष्ट, ते सात महिन्यांचं होतं. पिवळंजर्द, वजन तीन महिन्यांच्या बाळाएवढं, शी पांढुरकी. यकृत दिवसेंदिवस कडक होत चाललं होतं आणि कारण काही केल्या सापडत नव्हतं. यकृताच्या मोठ्या डॉक्टर, ज्यांना तिथे सगळे नुसतंच मॅडम म्हणतात, त्यांनी आईबापांना सांगून टाकलं होतं की आता यकृत बदलण्यावाचून इलाज नाही. आई स्वतःच्या यकृताचा तुकडा देणार होती. तीन आठवड्यांनंतरची तारीख ठरली होती. एवढ्याशा जिवाला ते झेपेल का, हे मॅडमनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. वहिनीला यातलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. तिच्यासमोर झडपेतून फक्त एक पिवळी नळी आली.

तिने नियमाप्रमाणे दहा पट पातळ करून नमुना लावला. मशीनने कागद बाहेर टाकला, त्यावर आकडाच नव्हता. 'मोजण्याच्या मर्यादेखाली', एवढंच छापलेलं. साहेबांनी उभ्या उभ्या नजर टाकली आणि म्हणाले, "नमुना खराब झालाय. दुसरा मागवा." दुसरं कुणी असतं तर मुकाट्याने मागवला असता. आमच्या वहिनीला तेवढ्याने चैन पडतं होय? साहेब जेवायला गेले आणि तिने नियम बाजूला ठेवला. सीरम जराही पातळ न करता तसंच मशीनला लावलं. आकडा आला, दोन.

तिने पुन्हा लावलं. दोन. ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं असे नमुने लॅबमध्ये पडताळ्यासाठी ठेवलेले असतात, ते लावले. ते बरोबर आले. मग बाळाचं तिसऱ्यांदा लावलं. दोनच. इतकी कावीळ, आणि पित्ताम्लं धडधाकट मुलापेक्षाही कमी! तिने रिपोर्टवर 'दोन' लिहिलं, खाली ठळक रेघ ओढली आणि मॅडमना फोन लावला.

"बाई, दोनशे म्हणायचंय का तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. दोन. एक आणि एक, दोन."

मॅडम म्हणाल्या, "परवा दुसरा नमुना पाठवते. तो बघून ठरवू."

दुसरा नमुना आला. वहिनीने जीव मुठीत धरून तो तसाच, पातळ न करता लावला. आकडा आला, एकशे अठरा.

साहेबांनी पहिला रिपोर्ट काढला, त्यावर लाल शाईने 'रद्द' लिहिलं आणि मायेने म्हणाले, "होतं असं, बाई. एकोणीस वर्षांनी हात एखाद्या वेळी चुकणारच." ते ओरडले असते तर तिने दोन शब्द सुनावले असते. पण त्यांनी समजूत घातली, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

त्या संध्याकाळी घरात आल्यापासून ती एकच पातेलं घासत होती. मी नेहमीप्रमाणे खोडी काढली, "काय गं वहिनी, आज यकृत संपावर?" एरवी तिने मला पळता भुई थोडी केली असती. त्या दिवशी तिने नुसतं वळून बघितलं. मी पुढे होऊन तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं.

"चुकल्याचं दुःख नाही हो, भाऊजी. चुकले असेन तर कुठे चुकले ते दिसू दे ना मला! तीनदा लावला मी. तीनदा चुकून एकच आकडा येईल कसा?"

दादा कोपऱ्यात पेपर वाचत होता. पेपर खाली न घेताच तो म्हणाला, "वर जाऊन बघ."

"कुठे वर?"

"बाळाकडे."

एवढंच. पुन्हा पान उलटल्याचा आवाज. मी त्याच्या बायकोची बढाई मारायला बसलोय, तरी हे तीन-चार शब्द त्याच्या नावावर टाकणं भाग आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वहिनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर गेली. वॉर्डात दोन्ही बाजूंना पाळणे होते आणि त्यांत काविळीची चार-पाच मुलं. रक्तात पित्ताम्लं साचली की अंगाला भयंकर खाज सुटते. त्यामुळे त्या मुलांच्या हातांवर मोजे चढवून मनगटाशी बांधलेले होते, तरी गालांवर, कानामागे ओरखडेच ओरखडे. त्यांच्या आया त्यांना मांडीवर घेऊन हलवत होत्या आणि मुलं किरकिरत होती. खिडकीजवळच्या शेवटच्या पाळण्यात ते बाळ होतं. सगळ्यांत पिवळं तेच. पण त्याचे हात मोकळे होते. अंगावर एक ओरखडा नव्हता. दोन्ही मुठी डोक्याच्या बाजूला टाकून ते गाढ झोपलं होतं.

शेजारी स्टुलावर त्याची आई बसली होती. वहिनी लॅबचा कोट घालून समोर उभी राहिलेली बघून ती घाबरून उठली.

"बसा, बसा," वहिनी म्हणाली. "मी खालच्या लॅबमधली. एवढंच विचारायला आले. याला खाज सुटते का हो?"

"नाही बाई. बाकीची बघा ना, किती तळमळतात. हा आपला निवांत झोपतो. सगळे म्हणतात, तुझं पोर गुणी आहे." असं म्हणत तिने त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"आणि औषध कुठलं चालू आहे?"

आईने कपाटातून बाटली काढून दिली. वहिनीने नाव वाचलं, बाटली उजेडात धरून पुन्हा वाचलं.

"हे कधीपासून देता?"

"पहिल्यांदा रक्त नेलंत ना तुम्ही, त्याच संध्याकाळपासून."

झालं होतं ते असं. तुंबलेलं पित्त वाहतं व्हावं म्हणून कावीळ झालेल्या मुलांना जे औषध देतात, ते स्वतःच एक पित्ताम्ल असतं. मशीनला दोन्ही सारखीच. दुसऱ्या नमुन्यातले एकशे अठरा बाळाचे नव्हतेच, औषधाचे होते. माझ्या क्रेटमध्ये दुसऱ्या कारखान्याच्या बाटल्या भरलेल्या असाव्यात आणि मी डोळे मिटून आपल्या म्हणून मोजाव्यात, तसलाच प्रकार. लॅबच्या फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना आहे. तो वरचे लोक कधी भरत नव्हते आणि खालचे कधी विचारत नव्हते. इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं.

"काही वाईट आहे का?" आईने विचारलं.

वहिनीला खोटा धीर देता येत नाही. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण मी शोधून काढते." आणि डबा न उघडताच ती पुन्हा खाली गेली.

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मॅडमनाही खाली बोलावलं. पण त्यांची शंका रास्त होती. "दुसरा आकडा औषधाचा, मान्य. पण पहिला खरा कशावरून? सीरम इतकं पिवळं असलं की मशीनची नजर फसते. पित्ताम्लं असतीलही, पण त्याला दिसली नसतील."

"मग फसते का, तेच बघू," वहिनी म्हणाली आणि फ्रीझर उघडला.

त्या कुरकुरीच्या कप्प्यातून तिने पहिल्या नमुन्याची नळी काढली. औषध सुरू होण्याआधीचं रक्त जगात फक्त तेवढंच उरलं होतं, आणि ते दोनदा मोजण्यापुरतंच. एक थेंब तसाच लावायचा. दुसऱ्यात माहीत असलेलं पित्ताम्ल मुद्दाम मिसळून लावायचा, बरोब्बर पन्नास भरतील इतकं. पिवळेपणामुळे मशीन आंधळं होत असेल तर ते पन्नासही गिळून टाकेल. तिने थेंब मोजून उचलायचं पिपेट हातात घेतलं, आणि हात थरथरला. आता तिने तोंड पाहिलं होतं ना! तिने पिपेट खाली ठेवलं, हात कोटाला पुसले, दोन श्वास घेतले आणि पुन्हा उचललं. साहेब म्हणाले, "मी करू का?" ती म्हणाली, "नको."

अकरा मिनिटं लागली. तिघंही निळ्या मशीनसमोर उभी. कागद बाहेर आला. पहिला थेंब, दोन. दुसरा थेंब, बावन्न.

मशीन आंधळं नव्हतं. टाकलेले पन्नास त्याने मोजले होते आणि बाळाचे स्वतःचे दोनच होते. मॅडमनी तो कागद हातात घेतला आणि दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "याचा यकृताचा आणखी एक आकडाही सारखा सरळ येत होता. इतक्या काविळीत तो चढायला हवा. मला खटकलं होतं, पण मी सोडून दिलं." एवढ्या मोठ्या डॉक्टरने हे तिघांत उघड म्हणावं, याचं मला फार वाटतं.

मॅडमना शंका आली ती अशी. पित्ताम्ल बनवायला यकृत एकामागून एक बऱ्याच पायऱ्या चढतं. या बाळाच्या यकृतात त्यातली एक पायरी जन्मापासून नसावी. मग माल अर्धवटच तयार होतो. तो पित्ताम्लाचं काम करत नाही आणि आतडं त्याला आपलं म्हणून ओळखतही नाही. 'पुरे' ही चिठ्ठी कधी जातच नाही. यकृताला वाटतं, काहीच परत आलं नाही, बनवा अजून. ते जिवाच्या आकांताने बनवत सुटतं, आणि तोच अर्धवट माल साचून साचून त्याला जाळतो. पण हे सिद्ध करायचं तर लघवी परगावच्या मोठ्या लॅबला पाठवायला हवी होती आणि त्याआधी औषध पाच दिवस बंद. तारीख मॅडमनी तशीच ठेवली. उत्तर वेळेत आलं नाही तर त्यांना थांबता येणार नव्हतं. पाच दिवसांनी नमुना निघाला, तेव्हा बर्फाचा डबा साहेबांनी स्वतःच्या हातांनी बांधला.

पुढचे दिवस आमच्या घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. "माझ्या शब्दावर औषध बंद केलं," वहिनी म्हणायची. "मी चुकले असले आणि त्यात त्याचं आणखी बिघडलं, तर?" मी तोंडाळ माणूस, काहीतरी विनोद करून वेळ मारून न्यायचो. आई मात्र तिच्या शेजारी बसली आणि चक्क तिच्या तोंडावर म्हणाली, "तू आपली हुशार आहेस. मला ठाऊक आहे." वहिनी इतकी चकित झाली की घटकाभर काळजी विसरली.

ऑपरेशनला चार दिवस उरले असताना मॅडम स्वतः जिना उतरून खाली आल्या. झडपेतून कागद न सरकवता त्यांनी दार उघडलं.

"पायरी नाही, बाई," त्या म्हणाल्या. "तुमचा दोन खरा होता."

इलाज ऐकून तर मी तोंडात बोटच घातलं. यकृताला बनवता येत नाही ते पित्ताम्ल तयार मिळतं. आधीचं औषधही पित्ताम्लच, पण त्याने 'पुरे'ची चिठ्ठी जात नाही, याने जाते. रोज कॅप्सूल फोडून दुधातून द्यायची, आयुष्यभर. ते आतड्यात काम करतं, परत शोषलं जातं, चिठ्ठी जाते, आणि वेड्यासारखं राबणारं यकृत एकदाचं थांबतं. थांबलं की स्वतःला सावरू लागतं. ऑपरेशन रद्द झालं. बाळाची आई पोट फाडून घ्यायच्या तयारीने आली होती, तिला घरी जायला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. तिने मॅडमना तीनदा विचारलं, "म्हणजे नुसतं दुधातून?"

दीड महिन्यात बाळाच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. शीला रंग आला. वजन भराभर वाढायला लागलं. साहेबांनी काय केलं असेल? पहिला रिपोर्ट फाईलमधून काढला, 'रद्द' हा शब्द खोडला आणि बाजूला पूर्ण सही केली. मग मशीनच्या वर भिंतीला नवा नियम चिकटवला. पिवळं सीरम आधी तसंच लावावं, आणि 'चालू औषधे' रकाना कोरा असेल तर नमुना घेऊ नये. त्यांचा जीव आता या नियमावर आहे. कोरा फॉर्म आला की झडपेतून त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो म्हणे.

यावर सव्वा वर्ष गेलं. एका संध्याकाळी वहिनी घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली आणि घळाघळा रडायला लागली. माझी तर पाचावर धारण बसली.

"अगं, काय झालं? कुणी काही बोललं का?"

"भाऊजी, आज त्याचा नमुना माझ्या हातून गेला," ती हुंदके देत म्हणाली, "आणि मी ओळखला नाही."

सकाळी लॅबमध्ये साठेक नळ्या आल्या होत्या. तिने त्या फिरवल्या, ओळीने मशीनला लावल्या, आकडे बघितले, सह्या करून रिपोर्ट वर पाठवले. कुठे काही वेगळं दिसलं नाही. दुपारी झडपेवर टकटक झाली. बाहेर ती आई उभी, कडेवर ते पोर. आता कडेवर मावत नाही इतकं गुटगुटीत. झडपेतून हात आत घालून ते वहिनीचं पेन ओढत होतं. आई म्हणाली, "बाई, सकाळी याचं रक्त दिलं. वर सगळे चांगलं म्हणतात, पण म्हटलं तुम्हालाच विचारावं."

वहिनी आत गेली. स्टँडवर सकाळच्या नळ्या ओळीत उभ्या होत्या, त्यांत पिवळी एकही नव्हती. त्यातली त्याची कुठली, हे काही केल्या तिला सांगता येईना. शेवटी एकेक नळी उचलून नंबर वाचावे लागले.

"सगळ्या नळ्या सारख्या होत्या, भाऊजी," ती डोळे पुसत म्हणाली. रडता रडता तिला हसू फुटलं होतं. "अगदी एकसारख्या. मी दोनदा बघितलं, तरी मला ओळखू आला नाही तो."